टेनेरीफ: दोन पार्कांसाठी आठवडा काढायचा, तर मुक्काम कुठे? आणि लोरो पार्क हवंच का?

दर्यावर्दी (धागाकर्ता)

युरोपात राहणाऱ्या मराठी घरांतून फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीचा विषय निघाला की स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरीफचं नाव येतंच. लंडनहून साडेचार तासांचं विमान, ब्रिटनचंच घड्याळ, आणि बाकी युरोप गारठलेला असताना इथे वीस-बावीस अंश. मुलांना आमिष दोन: दक्षिणेला कोस्टा आदेखेचं सियाम पार्क हे वॉटर पार्क, उत्तरेला पुएर्तो दे ला क्रूझचं लोरो पार्क हे प्राणीसंग्रहालय. मालक एकच, त्यामुळे दोन्हींचं जोडतिकीट मिळतं.

घोळ या जोडतिकिटापासूनच सुरू होतो. तिकीट जोडीचं असलं तरी पार्कं बेटाच्या दोन टोकांना आहेत. मध्ये 3,715 मीटर उंच तेइदे ज्वालामुखी, म्हणून रस्ता पूर्व किनाऱ्याने, सांता क्रूझवरून वळसा घालून जातो. साधारण 95 ते 100 किलोमीटर, एका बाजूचा सव्वा तास.

माझं मत स्पष्ट मांडतो. सातही रात्री दक्षिणेत राहा. सियाम पार्कला दोन दिवस द्या. लोरो पार्क गाळा आणि त्या पैशात ला गोमेरा बेटाच्या बाजूच्या समुद्रात देवमासे बघायला बोटीने जा. या पट्ट्यात पायलट व्हेल बारमाही राहतात. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र हजार मीटरच्या खाली जातो आणि त्यांचं खाद्य, म्हणजे माकूळ, तिथे मिळतं. जो प्राणी समोरच्या समुद्रात मोकळा फिरतो, त्याचेच भाईबंद टाकीत बघायला शंभर किलोमीटर का जायचं? (पायलट व्हेल आणि लोरो पार्कच्या टाकीतल्या ओर्का, दोन्ही डॉल्फिनच्याच कुळातले.)

पोपटपंची

साफ असहमत. लोरो पार्क म्हणजे ओर्काचा खेळ, हे समीकरण चुकीचं आहे. ‘लोरो’ म्हणजे पोपट. 1972 मध्ये ही बाग सुरू झाली ती दीडशे पोपटांवर, आणि आज पोपटांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती-उपजाती तिथे आहेत. 1994 मध्ये त्यांनी संवर्धनासाठी वेगळी संस्था काढली. ब्राझीलच्या लिअर्स मकाव या निळ्या पोपटाची पिल्लं इथे वाढवून परत ब्राझीलला पाठवली गेली. हे काम बोटीच्या सहलीतून होत नाही.

आणि पेंग्विन! तिथल्या बर्फाच्या दालनात रोज सुमारे बारा टन बर्फ पाडतात आणि दिव्यांची उघडझाप दक्षिण गोलार्धातल्या दिवस-रात्रीप्रमाणे ठेवतात. बाहेर जूनचं लख्ख ऊन असतं तेव्हा आत अंटार्क्टिकाचा हिवाळी अंधार असतो. सरकत्या पट्ट्यावर उभं राहून बघायचं असतं, पण मुलं पहिल्या फेरीत फक्त ‘ते बघ, ते बघ’ करतात. मागे थांबायला जागा आहे. दुसरी फेरी तिथून, शांतपणे करा.

दिवस असा लावा. दार उघडायच्या वेळी आत, आधी पेंग्विन आणि मत्स्यालय (हे दोन्ही बंद जागेत, दुपारी इथे गर्दीचा लोंढा येतो), मग झाडांच्या उंचीवरून झुलत्या पुलांनी फिरायचं कातांद्रा हे पक्ष्यांचं दालन, मग जेवण, आणि गोरिला शेवटी. खेळांच्या वेळापत्रकामागे धावलात तर दिवसभर बागेच्या या टोकाहून त्या टोकाला पळणं होतं. पोपटांचा एक खेळ बघा आणि बास.

काटकसर

दोघांचंही थोडं थोडं बरोबर, पण सातही रात्री दक्षिणेत हे काही पटलं नाही. चार रात्री दक्षिण, तीन उत्तर असं करा. पुएर्तो दे ला क्रूझमध्ये राहिलात तर लोरो पार्कला गाडी लागत नाही. गावातल्या रेयेस कातोलिकोस चौकातून पिवळी छोटी आगगाडी (रुळांवरची नव्हे, रस्त्यावरची) फुकट नेऊन सोडते. गावातच लागो मार्तिआनेस आहे. समुद्राच्या पाण्याचे हे तलाव सेझार मान्रिके या कलाकाराने आखलेले, 1977 मध्ये खुले झाले. काळा खडक, पांढऱ्या भिंती, आणि तिकीट सियाम पार्कच्या मानाने किरकोळ. सहा वर्षांखालच्या पोरांचा इथे अख्खा दिवस जातो.

बसने जायचं म्हणाल तर 343 नंबरची बस दक्षिणेहून विमानतळामार्गे थेट पुएर्तोला जाते, पण फेऱ्या मोजक्या. एक चुकली की सकाळ गेली. नाहीतर 110 किंवा 111 ने सांता क्रूझ आणि तिथून 103 ने पुढे. टेन-प्लस कार्ड घ्या, रोख तिकिटापेक्षा स्वस्त पडतं.

दर्यावर्दी

काटकसर, तीन रात्री उत्तरेत म्हणजे तीन दिवस ढगाखाली, तेही सांगा ना. ईशान्येचे व्यापारी वारे तेइदेच्या उत्तर अंगावर आदळतात, वर चढताना थंड होतात आणि ढगाचा थर साचतो. तिथले लोक त्याला ‘पान्सा दे बुर्रो’ म्हणतात, म्हणजे गाढवाचं पोट. खाली उभं राहून वर बघितलं की तसंच करडं दिसतं. दक्षिण बाजू डोंगराच्या आडोशाला, म्हणून कोरडी. तोच ढग, तोच घाट: आपल्याकडे महाबळेश्वरला धो धो आणि पलीकडे वाईला भुरभुर, तसाच हिशेब.

काटकसर

गाढवाचं पोट उन्हाळ्यातलं जास्त, जून ते ऑगस्ट, आणि तेव्हा ते सोयीचंच. प्राण्यांच्या बागेत दिवसभर चालायला ढग बरा की डोक्यावर रणरणतं ऊन? फेब्रुवारीत उत्तरेला पाऊस असतो खरा, पण येतो नि जातो. वॉटर पार्क दक्षिणेत आणि प्राणी उत्तरेत, ही मांडणी हवेच्या दृष्टीने बरोबरच आहे.

वळणदार

रस्त्याबद्दल एकाच दमात लिहितो, कारण नकाशात सरळ दिसतं आणि लोक फसतात.

टीएफ-5 हा उत्तरेचा महामार्ग कामाच्या दिवशी सकाळी ला लागुना-सांता क्रूझच्या दिशेने तुंबतो, संध्याकाळी उलट दिशेने. म्हणजे दक्षिणेत राहून लोरो पार्कला जाणारा माणूस टीएफ-5 वर दोन्ही वेळा गर्दीच्या विरुद्ध जातो. सकाळी आठला निघा, टीएफ-1 या दक्षिणेच्या महामार्गाने वर, सांता क्रूझच्या अलीकडे टीएफ-2 या जोडरस्त्याने टीएफ-5 वर. उत्तरेत राहून सकाळी सियाम पार्कला निघालेला माणूस मात्र नेमका कोंडीत सापडतो. काटकसर यांच्या बेतात सियामचे दिवस दक्षिणेच्या मुक्कामातच संपवले पाहिजेत.

‘तेइदेवरून जाऊ, वाटेत ज्वालामुखीही होईल’ हा मोह लहान मुलं मागे असताना टाळा. टीएफ-21 दोन हजार मीटरच्या वर चढतो, वळणावर वळण. मागच्या सीटवर उलट्या ठरलेल्या. सान्तियागो देल तेइदेवरून पश्चिमेने येणारा रस्ता सुंदर, पण पोट तिथेही ढवळतं.

135 सेंटिमीटरपर्यंतच्या मुलांना स्पेनमध्ये चाइल्ड सीट सक्तीची आणि मागेच बसवायचं. गाडी ठरवतानाच सीट मागून घ्या. भारतीय लायसन्सवर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून आणा.

रबरी रिंग

सियाम पार्कवर कुणी नीट लिहीत नाहीये. 2008 मध्ये सुरू झालं, थायलंडच्या राजकन्येच्या हस्ते. घसरगुंड्या डोंगरउतारावर आहेत, म्हणजे दिवसभर पायऱ्या चढायच्या. पाणी गरम केलेलं असतं, म्हणून लोक फेब्रुवारीतही बिनधास्त येतात आणि दोन वाजता पोरं निळ्या ओठांनी कुडकुडत असतात. पाण्यात काही होत नाही. ओल्या अंगाने उघड्या जिन्यावर, वाऱ्यात, अर्धा तास रांगेत उभं राहिल्याने होतं. उपाय: लहानांना पूर्ण बाह्यांचा निओप्रीनचा पोहण्याचा सूट. सुती टी-शर्ट पाणी धरून ठेवतो, आणखी गारठवतो. पायात पाण्यात चालणारे पातळ बूट, कारण उन्हाळ्यात फरशी भाजते आणि हिवाळ्यात पायरी घसरते.

दुसरी रड उंचीची. प्रत्येक मोठ्या घसरगुंडीच्या खाली पट्टी असते, सेंटिमीटरमध्ये. टॉवर ऑफ पॉवर हा 28 मीटरचा जवळजवळ उभा कडा, खाली शार्कच्या टाकीतून जाणारी नळी, त्याला 140 लागतात. 139 वर रडारड होते आणि तिथला कर्मचारी एक सेंटिमीटरही सोडत नाही, सोडूही नये. घरी अनवाणी मोजा, भिंतीला टाच लावून. बुटात मोजलेली उंची तिथे उपयोगाची नाही. आणि यादी त्यांच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्यात बघा, मुलाला आधी कबूल करू नका.

क्रम: दार उघडताच टॉवर आणि सिंघा या घसरगुंड्या, कारण अकरानंतर या दोन रांगा सर्वांत लांब. मग नागा रेसर्स, चटईवरची शर्यत, पटपट सरकते. दुपारी लाटांचा तलाव. तीन मीटरपर्यंतची लाट ठरावीक वेळाने सोडतात, त्या आधी सूचना होते. न पोहणाऱ्यांनी वाळूच्या काठालाच बसायचं. माई थाई ही संथ नदी शेवटी. तिथे रांग नसते आणि थकलेले पाय रिंगेत लोळतात. बरोबर चार वर्षांचं लेकरू असेल तर लहानांसाठीचे लॉस्ट सिटी आणि सवास्दी हे भाग. त्याच्यासाठी एक मोठं माणूस दिवसभर अडकणार हे धरून चला. म्हणून दर्यावर्दी म्हणतात ते दोन दिवस फार नाहीत, आईबाबा आलटून पालटून वर जाऊ शकतात. पण दोन्ही दिवस लागोपाठ घेऊ नका, मांड्या बोलतात.

खारी हवा

ओर्काचा मुद्दा पोपटपंची यांनी फार हलक्यात उडवला. 2006 मध्ये अमेरिकेतल्या सीवर्ल्डकडून चार ओर्का इथे आल्या: केटो, टेकोआ, कोहाना, स्कायला. 2009 च्या 24 डिसेंबरला केटोने सरावात एका प्रशिक्षकाचा जीव घेतला. स्कायला 2021 मध्ये सतराव्या वर्षी गेली, कोहाना 2022 मध्ये विसाव्या, केटो 2024 मध्ये एकोणतिसाव्या वर्षी. खुल्या समुद्रात मादी पन्नाशीही गाठू शकते. थॉमस कुक या पर्यटन कंपनीने 2018 मध्येच या बागेची तिकिटं विकणं थांबवायचं ठरवलं होतं. तिकिटाच्या पैशाला कप्पे नसतात. पोपटासाठी दिलेला युरो ओर्काच्या टाकीतही जातो.

पोपटपंची

आकडे मान्य. पण इथल्याच मॉर्गन या ओर्काचंही सांगा. 2010 मध्ये नेदरलंडच्या किनाऱ्याला खंगलेली सापडली, तिला ऐकू येण्यात दोष. तिचा कळप नक्की ठरवता आला नाही. सोडून दिली असती तर जगली असती का, यावर तज्ज्ञांतच दोन तट. टाकी आज रिकामी करा म्हणणं सोपं आहे, त्यांना ठेवायचं कुठे?

खारी हवा

ठेवायचं कुठे हा प्रश्न वेगळा, टाळ्या वाजवायला बसायचं का हा वेगळा. आत गेलातच तर त्या गॅलरीत बसू नका, इतकं तरी पाळा.

दर्यावर्दींनाही एक टोला: बोट म्हणजे आपोआप पुण्य नव्हे. परवानाधारक बोटीवर पिवळा ‘बार्को आसुल’ (म्हणजे ‘निळी बोट’) झेंडा असतो, तो बघून चढा. 60 मीटरच्या आत जायचं नाही, खाऊ घालायचं नाही, प्राण्यांबरोबर पोहायचं नाही, हा तिथला कायदा आहे. ‘व्हेलबरोबर पोहा’ अशी पाटी दिसली तर पुढे चालू लागा. सकाळची फेरी घ्या, वारा वाढायच्या आधीची. तीन तासांपेक्षा मोठी नको. ओकारीची गोळी बोटीवर चढून नाही, तासभर आधी द्यायची.

कागदपत्र

इतक्या चर्चेत व्हिसा राहिला. कॅनरी बेटं शेंगेनमध्येच, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, येतात. भारतीय पासपोर्टवर ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांना व्हिसा लागतो, जर्मनी-नेदरलंडचं निवास कार्ड असलेल्यांना लागत नाही. व्हिसाची फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वयाला 45, त्याखाली शून्य. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. भेटीची वेळच लवकर मिळत नाही, म्हणून फेब्रुवारीसाठी ऑक्टोबरात लागा. विमा किमान 30,000 युरोचा.

पुण्याहून आजी-आजोबा ब्रिटनच्या भेटीच्या व्हिसावर आलेले असतील आणि त्यांनाही न्यायचं असेल, तर शेंगेनचा अर्ज त्यांनी निघण्याआधी भारतातूनच करावा. ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर केला तर तो घेतला जाईलच असं नाही. ब्रिटनचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, तेही बघा, नाहीतर परतीला पंचाईत.

चिंचगूळ

शाकाहारींसाठी: ‘एन्सालादा मिक्स्ता’ हे सॅलड निर्धास्त मागवू नका, वर ट्यूना असतो. ‘सिन आतून’ म्हणजे ट्यूना नको, ‘सिन खामोन’ म्हणजे हॅम नको. हे दोन शब्द आजीलाही पाठ करायला लावा. हक्काचं खाणं म्हणजे पापास आर्रुगादास: सालासकट छोटे बटाटे भरपूर मिठाच्या पाण्यात उकडायचे, पाणी आटेपर्यंत, म्हणजे सालीला सुरकुत्या पडतात आणि मिठाची पांढरी पूड चढते. सोबत लाल मोहो, त्यात मिरची, लसूण, जिरं, तेल. आपल्या जिभेला अनोळखी काहीच नाही. हिरव्या मोहोत कोथिंबीर.

दर्यावर्दी

बरं, मागे सरकतो. पाच रात्री दक्षिण, दोन उत्तर. दक्षिणेत सियामचे दोन दिवस, मध्ये एक दिवस बोट. उत्तरेला पेंग्विन आणि पोपट. ओर्काची गॅलरी नाहीच.

वळणदार

उत्तरेच्या दोन रात्री आठवड्याच्या सुरुवातीला घ्या, शेवटी नको. परतीचं विमान बहुतेक दक्षिण विमानतळावरून असतं, आणि सकाळच्या टीएफ-5 वर अडकलेल्या माणसासाठी ते थांबत नाही.