सेपक टकरा: आधी जिल्हा संघटना की आधी सामने?

शिट्टीवाला, वर्धा
आमच्या तालुक्यातल्या काही शाळांत सेपक टकरा चांगला रुजतोय. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदान बॅडमिंटनच्या दुहेरीएवढं, 13.4 बाय 6.1 मीटर. मध्ये जाळी, दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू. पाय, गुडघा, छाती, डोकं, काहीही वापरून तीन स्पर्शांत चेंडू पलीकडे धाडायचा. तिन्ही स्पर्श एकानेच केले तरी चालतात. हात वापरायचा तो फक्त सर्व्हिससाठी चेंडू उडवून देताना. सर्व्हिस करणारा तो तेकाँग. त्याचा एक पाय छोट्या वर्तुळात रोवलेला, बाजूचा गडी चेंडू वर देतो आणि तेकाँग दुसरा पाय डोक्याच्या वर नेऊन तो हाणतो. आठवी-नववीतली मुलं हे करताना पाहिली की डोळे विस्फारतात.

आता मुद्दा. गावातली जाणती मंडळी म्हणतात, लगेच जिल्हा संघटना नोंदवा, पदाधिकारी नेमा, निवड चाचणी लावा, म्हणजे मुलांना प्रमाणपत्रं मिळतील. मला हे उलटं वाटतं. आधी हंगामभर चालणारी आंतरशालेय साखळी, आधी पंच, आधी नीट ठेवलेली गुणपत्रकं. संघटना मागाहून येऊ दे. तुमचं मत सांगा.

पेठेतला गोली, कोल्हापूर
मला दोन्ही पटत नाही. आमच्याकडे पेठापेठांत तालमींचे फुटबॉल संघ आहेत, मोठ्या सामन्याला शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं, तरी लहान मुलांना सरावाला मैदान मिळवताना नाकी नऊ येतात. पायाने खेळायचा खेळ हवा असेल तर तो आहे की! आहे त्याला जागा नाही आणि आपण नवा पाहुणा आणतोय.

दुसरं, नव्या खेळामागे काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण, दहावी-बारावीला वाढीव गुण. जिल्ह्यात संघच चार, मग मैदानात उतरला की पदक. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीस येतात तेव्हा खरा घाम गाळणारा मुलगाही संशयात सापडतो. हे मी रागाने लिहितोय, कारण चांगल्या खेळाडूंना कागदपत्र पडताळणीसाठी हेलपाटे घालताना पाहिलंय.

जाळीपाशी, पुणे
गोली, जागेचा मुद्दा इथे लागूच होत नाही. फुटबॉलच्या एका मैदानात याची कितीतरी कोर्टं बसतील. शाळेत बॅडमिंटनचे खांब असतील तर तेच चालतात, पुरुषांच्या जाळीची मधली उंची 1.52 मीटर, म्हणजे जवळपास बॅडमिंटनइतकीच. मुलींसाठी 1.42 वर घ्यायची. चेंडू आणि चुन्याच्या रेघा, एवढ्यावर सुरुवात होते.

आणि हा कुठला उपरा खेळ नव्हे. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत तो प्रात्यक्षिक म्हणून खेळला गेला होता. 1990 ला बीजिंगमध्ये पदकाचा खेळ झाला, आणि त्याच बीजिंगमध्ये आपली कबड्डीही पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली. दोघांची सुरुवात एकाच ठिकाणी. 2018 च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत आपल्या पुरुषांनी कांस्य आणलं, 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत महिलांनी. मार्च 2025 मध्ये पाटण्याला झालेल्या विश्वचषकात रेगू प्रकारात, म्हणजे तिघांच्या सामन्यात, भारताच्या पुरुषांनी जपानला हरवून सुवर्ण जिंकलं. हे किती जणांच्या कानावर आलं?

शिट्टीवाले, तुमच्याशीही माझा वाद आहे. संघटना नसेल तर जिल्ह्याबाहेर तुमच्या मुलांना कोण विचारणार? मलेशिया आणि थायलंडमध्ये हा खेळ आपापल्या पद्धतीने चालायचा. 1965 ला क्वालालंपूरला झालेल्या आग्नेय आशियाई देशांच्या स्पर्धेच्या निमित्ताने सगळे बसले, नियम एक केले, तेव्हा कुठे देशादेशांत सामने होऊ लागले. कागद आधी झाला म्हणून खेळ वाढला.

शिट्टीवाला, वर्धा
तेच उदाहरण माझ्या बाजूने आहे! तिथे नियम लिहायला बसण्याआधी पिढ्यान्‌पिढ्या लोक वेताचा चेंडू गोलात उभं राहून पायाने उडवत होते. मलेशियातल्या पेनांगला 1945 च्या सुमारास जाळी लावून सामने होऊ लागले. खेळणारे होते, म्हणून नियमांची गरज पडली. आपण खेळणाऱ्यांच्या आधी अध्यक्ष नेमायला निघालोय.

क्रीडाशिक्षिका, लातूर
दोन्ही दादांचं वाचलं. जमिनीबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही, म्हणून लिहिते.

या खेळात जाळीजवळचा मारा म्हणजे हवेत उलटं होऊन पायाने चेंडू खाली हाणायचा आणि मग उतरायचं. मॅटवर उतरणं वेगळं आणि शाळेच्या फरशीवर वेगळं. आमच्याकडे एका मुलीचा घोटा असाच गेला, पुढचा हंगाम ती बाकावर बसून राहिली. तिच्या आईने मला एकच विचारलं, "बाई, हे शिकवायला तुम्हाला कुणी शिकवलं का?" माझ्याजवळ उत्तर होतं ते एवढंच, की मी व्हिडिओ बघून शिकले. तेव्हापासून मी मुलांना हवेतला मारा शिकवत नाही. सर्व्हिस, पायाच्या आतल्या बाजूने चेंडू झेलणं, डोक्याने मारणं, एवढंच.

संघटना आधी की सामने आधी, हा वाद मोठ्यांचा. माझं मागणं आहे प्रशिक्षकांचं. आठवडाभराचं निवासी शिबिर, त्यात पडायचं कसं हे शिकवणारं कुणीतरी. हांगझोऊच्या संघात मणिपूरच्या मुलींचा भरणा होता. तिथून एखादी ज्येष्ठ खेळाडू आणता आली तर तिच्या राहण्या-जेवणाची सोय मी माझ्या घरी करीन.

पेठेतला गोली, कोल्हापूर
बाईंचं शंभर टक्के पटलं. पण त्याने माझाच मुद्दा पक्का होतो. शिकवणारा नाही, मॅट नाही, आणि राज्य स्पर्धेच्या गप्पा.

जाळीपाशी, तुमच्या पुण्याचंच उदाहरण घ्या. रोलबॉल, म्हणजे स्केटिंगचे बूट घालून खेळायचा चेंडूचा खेळ, 2003 ला राजू दाभाडे यांनी तिथे सुरू केला. 2011 ला पुण्यातच पहिला विश्वचषक झाला. खेळ निर्माण करणं सोपं नाही, त्या माणसाच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण संध्याकाळी किती मैदानांवर तो दिसतो? विश्वचषक लवकर येतो, गल्ली उशिरा येते.

जाळीपाशी, पुणे
रोलबॉल माझ्या भाचीचा खेळ आहे, म्हणून सांगतो. स्केटिंगचे बूट परवडणारी घरं मोजकी, अडचण तिथे आहे. त्या संघटनेने धडपड केली नसती तर 2023 ला गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तो खेळ दिसलाच नसता. सेपक टकराही त्याच स्पर्धेत होता. यादीत नाव येणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. यादीत नसलेल्या खेळाच्या मुलाला शाळा प्रवासखर्च देत नाही आणि रेल्वेच्या फलाटावरून बापच परत नेतो.

शिट्टीवाला, वर्धा
प्रवासखर्चाचं बरोबर आहे, तिथे मला मान्य करावंच लागेल. तर मधला रस्ता नव्हे, क्रम सांगतो. या हंगामात घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर फिरती साखळी. प्रत्येक सामन्याचं गुणपत्रक त्याच संध्याकाळी दोन्ही शाळांच्या फळ्यावर, खेळलेल्या मुलांच्या नावांसह. गोलींना प्रमाणपत्रांची भीती आहे ना, तर जो मुलगा त्या पत्रकांत नाही त्याला उद्या कुठलंही प्रमाणपत्र मिळता कामा नये. संघटना नोंदवायची वेळ येईल तेव्हा घटनेत हे कलम पहिलं. पदाधिकाऱ्यांत निम्मे खेळलेले किंवा शिकवणारे हवेत.

हवेतला मारा चौदा वर्षांखालच्या गटात आम्ही बंद ठेवतोय. नियमावलीत असं काही नाही, पण आमच्या साखळीपुरता तो नियम आमचा.

पेठेतला गोली, कोल्हापूर
फळ्यावरच्या पत्रकाचं आमच्या फुटबॉलवाल्यांनीही उचलावं असं आहे. खेळाला माझा विरोध कायम आहे.

क्रीडाशिक्षिका, लातूर
शिट्टीवाले, मुलींची साखळी वेगळी ठेवणार की मुलांच्या सामन्यांना जोडून? जोडून ठेवलीत तर मुलींचा सामना आधी लावा. संध्याकाळी उशीर झाला की पालक न्यायला येतात आणि खेळ अर्ध्यावर सुटतो.

शिट्टीवाला, वर्धा
बाई, मुलींचा आधी, दुपारी साडेतीनला. शिबिरासाठी मॅट कुठून भाड्याने मिळेल ते शोधतोय. नागपूर-अमरावतीकडे कुणाच्या व्यायामशाळेत जुने मॅट पडून असतील तर कळवा, न्यायला-आणायला टेम्पो आमचा.