गाइडाबाहेरचं समाजशास्त्र

"समाजशास्त्र म्हणजे नुसती घोकंपट्टी" असं बरेच जण म्हणतात. बीएच्या गाइडांपुरतं मान्य! पण मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ साली सुरू झाला तो पॅट्रिक गेडिस यांच्या हातून. माणूस मूळचा जीवशास्त्राचा, नंतर नगररचनेकडे वळलेला. शहर आधी पायी हिंडून बघा म्हणणारा.

एमएला आम्ही वस्तीत प्रश्नावली घेऊन फिरलो. 'घरात पाणी कोण भरतं?' काका म्हणाले, "सगळेच." तेवढ्यात काकू दोन हंडे घेऊन दारात. आता टिक कुठल्या रकान्यात करायची? (सर म्हणाले, दोन्ही लिहा: ऐकलेलं आणि पाहिलेलं.) तेव्हा प्रवेश घेण्याआधी फील्डवर्क किती असतं, तेवढं विचारून घ्या.