३ की ५? दादाभाईंच्या मताधिक्याबद्दल

दादाभाई नवरोजी ब्रिटिश संसदेवर किती मतांनी निवडून आले, ३ की ५, असा वाद चाललाय, तर दोन्ही आकडे खरे आहेत. लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघात १८९२ ला पहिल्या मोजणीत उदारमतवादी (लिबरल) पक्षाचे दादाभाई ५ मतांनी पुढे होते. फेरमोजणीत २,९५९ विरुद्ध २,९५६, म्हणजे ३. हरलेले पेंटन १८८६ पासूनचे तिथले हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे खासदार. त्यांनी निकालाविरुद्ध निवडणूक याचिका केली, पण पुढे मागे घेतली. दादाभाईंचं ‘नॅरो मेजॉरिटी’ (निसटतं मताधिक्य) हे टोपणनाव तेव्हाचंच, नवरोजीशी यमक जुळवून!

१८९५ ला हुजूर पक्षाच्या मॅसी-मेनवेअरिंगनी जागा परत घेतली. तेवढ्यावरून तिला हुजूरांचा गड मात्र म्हणू नका: १८८५ आणि १९०६ लाही ती उदारमतवाद्यांकडेच गेली होती. १९१८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघच संपला.