अनुभव धागा: साथीत आपल्या तोंडी आलेले शब्द (इंदूर, २०२०-२१)

परवा माळा आवरताना २०२० च्या एप्रिलमध्ये आमच्या दारावर चिकटवलेला तो कागद सापडला. घरात रुग्ण आहे, येऊ नका, अशा अर्थाचा. मागच्या कोऱ्या बाजूवर आईने दुधाचा हिशेब मांडलाय. बाबांना न्यायला ॲम्ब्युलन्स आली तेव्हा समोरच्या तिन्ही मजल्यांवरून मोबाइल आमच्याकडे वळलेले होते. चौदा दिवसांनी बाबा ठणठणीत होऊन परत आले, तर आत्याने फोनवर 'विटाळ' हा शब्द वापरला. कित्येक वर्षांनी ऐकला मी तो. 'सोशल डिस्टन्सिंग' म्हटल्यावर तिला अगदी ओळखीचं वाटलं असणार.

मंचावरून, टीव्हीवरून जे बोललं जात होतं ते आपल्या जिन्यात कसं पोचलं, यावर लिहूया का? ऐकलेलं लिहाच, पण स्वतः बोललेलंही लिहा. व्यक्तींची, हॉस्पिटलांची नावं नकोत.

सुदामानगर
सुरुवात माझ्यापासूनच. २२ मार्चला, जनता कर्फ्यूच्या दिवशी, संध्याकाळी ५ वाजता मी थाळी घेऊन राजवाड्यावर होतो. रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) आठवडाभर आधीच रद्द झालेली, ती सगळी हौस तिथे भागली. झेंडे, घोषणा, खांद्याला खांदा. १ एप्रिलला टाटपट्टी बाखल या मुस्लीमबहुल वस्तीत आरोग्य पथकावर दगडफेक झाली आणि 'ये लोग समझते ही नहीं' हा मेसेज मी सहा ग्रुपांत टाकला. दगड मारणं गुन्हाच होता, त्यात वाद नाही. पण 'ये लोग' लिहिताना राजवाड्यावरचा मी आठवलो नाही. जखमी झालेल्या दोन्ही महिला डॉक्टर दुसऱ्या दिवशी परत त्याच वस्तीत गेल्या, त्यातली एक स्वतः मुस्लीम होती. हे मात्र आमच्या एकाही ग्रुपात फिरलं नाही.

रामबागवाली
लिहू की नको करत होते. आमच्या गल्लीत बारा वर्षं एकच भाजीवाला. नाव मला पहिल्या वर्षापासून माहीत. माझ्या मुलीला तो 'बिटिया, तेरे लिए' म्हणून गाजर द्यायचा. कोथिंबीर-मिरचीचे पैसे कधी घेतले नाहीत.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात थुंकण्याचे व्हिडिओ फिरायला लागले. कुठले, कधीचे, कोणी पाहिलं नाही. चॅनेलवर रोज रात्री 'कोरोना जिहाद'. गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधले होते, तिथे मुलं उभी राहून हातगाडीवाल्यांना नाव विचारायची. हा आला. मी वरून, गॅलरीतून बघत होते. त्याने वर पाहिलं. त्याला वाटलं असेल, दीदी सांगतील, मी ओळखते याला. मी आत जाऊन कुकर लावला. भाजी नव्हतीच, डाळच लावली.

जूनमध्ये तो परत आला. सगळं तसंच, 'दीदी, भिंडी ताज़ी है'. पिशवीत कोथिंबीर घातली आणि हिशेबात तिचे पाच रुपये वेगळे लावले. मी मुकाट दिले.

धागाकर्ती
रामबागवाली, लिहिलंत हे बरं केलंत.

वाचनमात्र
+१. कुकरपाशी थांबले.

लॅबमधली
मी तेव्हा नमुने घेण्याच्या कामावर होते. ३ मे ला हवाई दलाने देशभर हॉस्पिटलांवर फुलं टाकली. घरमालकांनी तो व्हिडिओ मला पाठवला, वर लिहिलं 'आप पर गर्व है'. दोनच दिवस आधी म्हणाले होते, 'मॅडम, जिन्याच्या कठड्याला हात नका लावू, आणि जमलं तर दुसरीकडे बघा.' दोन्ही मेसेज मोबाइलमध्ये वर-खाली होते. २२ एप्रिलच्या वटहुकमात आरोग्य कर्मचाऱ्याच्या राहण्या-काम करण्यात त्रास देणं हेही हिंसेतच धरलं होतं. घरमालकांना कायदा दाखवला नाही. दाखवून राहायला कुठे जाणार होते?

मल्हारगंज, वकिली
कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून. दिल्लीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या रोजच्या पत्रकार परिषदेत तबलिगी जमात या मुस्लीम धर्मप्रचारक संघटनेशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जायचा. ८ एप्रिलला त्याच आरोग्य मंत्रालयाने सूचना काढली की साथीला कुठल्याही समाजाचं किंवा भागाचं लेबल लावू नका. तोवर लेबल लागून सुकलंही होतं. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, आणि साथीत बळीचा बकरा शोधला जातो असं स्पष्ट म्हटलं. निकालाची बातमी मी कॉलनीच्या ग्रुपात टाकली. एक अंगठा आला. माझ्या बायकोचा.

शिक्षिका
कोविड-१९ हे नाव ११ फेब्रुवारी २०२० ला ठरलं, ते देश, गाव, प्राणी, माणसं नावात येऊ नयेत असं बघूनच. पुढच्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष 'चायनीज व्हायरस' म्हणायला लागले. तोपर्यंत माझ्या वर्गातली मणिपूरची मुलगी मधल्या सुट्टीत एकटी डबा खायला लागली होती.

लोकमान्यनगर
आता आमची पाळी ऐका. मार्च २०२१. महाराष्ट्रात आकडे चढले, मध्य प्रदेशाने तिकडच्या बस बंद केल्या. मुलगा पुण्याहून स्वतःच्या गाडीने आला, रिपोर्ट निगेटिव्ह. तरी ग्रुपात लगेच: 'महाराष्ट्र वाले फिर ले आए.' एकाने तर मला, जन्म इंदूरचा, शाळा इंदूरची, विचारलं, 'आपके उधर ऐसा ही है क्या?' उधर कुठे भिया? आमचे पूर्वज होळकरांबरोबर आलेले! फार लागलं. रात्री झोप नाही, म्हणून जुने मेसेज चाळत बसलो. आदल्या वर्षीचे माझेच फॉरवर्ड निघाले. पुसून टाकले. (बायको म्हणते, ज्यांना पाठवले त्यांच्याकडे असतीलच की.)

जुना इंदुरी
थोडं अवांतर, पण याच गावातलं. शंभर वर्षांपूर्वी इथे प्लेग होता. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराने बोलावले होते, १९१८ चा त्यांचा इंदूरवरचा अहवाल प्रसिद्ध आहे. हा साहेब गल्लीबोळांतून नकाशे घेऊन हिंडतो म्हणजे घरं पाडणार, अशी लोकांना धास्ती. तेव्हा त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढली. ती जाणार कुठून, तर ज्या भागात जास्त घरं झाडून-रंगवून स्वच्छ असतील तिथून. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, शेवटी तो जाळला. मिरवणुकीत सफाई कामगारांनाही मान. दरबारी थाट आणि भाषणबाजी तेव्हाही असणारच, पण बोट उंदराकडे होतं.

सुदामानगर
रामबागवाली, एक विचारू? तो भाजीवाला अजून येतो?

रामबागवाली
येतो. कोथिंबिरीचे आता दहा झाले.