रविवारच्या भाजे सहलीचं जेवण: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी काका (ए-४०१): नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारची भाजे लेण्यांची सहल पक्की. ३२ नावं आली आहेत, त्यात ८ मुलं. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल, मळवलीला उतरायचं आणि पुढे चालत. लोकलमुळे प्रवासाचा खर्च किरकोळ आहे. प्रश्न फक्त जेवणाचा. आज रात्रीपर्यंत ठरवून टाकू.

बी-५०४ दादा: काका, मी एका केटररकडे चौकशी केली. पुरी, दोन भाज्या, मसालेभात, जिलबी. माणशी २५०. मळवली स्टेशनपर्यंत पोचवायचे ५०० वेगळे.

बी-२०२ ताई: म्हणजे साडेआठ हजार! आमची चौघं धरली तर आमचेच हजार रुपये जेवणाला. लोकलने जायचं ठरवलं तेच मुळी सगळ्यांना परवडावं म्हणून ना?

सी-१०२ काकू: त्यापेक्षा आपापले डबे आणू. नेहमी तसंच करतो की.

बी-२०२ ताई: काकू, रागावू नका, पण आपापले डबे म्हणजे काय होतं ते सांगते. दहा घरांत दहा बायका पहाटे चारला उठतात. कणीक, भाजी, मुलांचं वेगळं, सासऱ्यांचं वेगळं. गाडीत बसेपर्यंत जीव दमून गेलेला असतो, आणि तिथे पोचल्यावर पुन्हा वाढायचं काम आपल्याकडेच. मला लेणी बघायची आहेत. खर्च कमी हवाच, पण बेत असा हवा की शनिवारी रात्री ओटा पुसला की रविवारी सकाळी फक्त डबे उचलायचे. माझी अट तेवढी एकच आहे.

डी-४०४ वहिनी: शंभर टक्के सहमत.

सी-३०३ वहिनी: मीही. आणि एक विनंती, आमच्याकडे कांदा, लसूण, बटाटा चालत नाही. आमचं वेगळं आणायला काही अडचण नाही, पण सगळ्यांसोबत एकच जेवता आलं तर मुलांना बरं वाटतं.

सेक्रेटरी काका (ए-४०१): वेगळं कशाला? बेतच तसा करू. बटाटेवडे आणि पावभाजी बाद, एवढंच.

ए-१०१ आजी: (आजी बोलतेय, नात टाइप करतेय) अगं, तुम्ही सगळ्या एवढा विचार का करताय? दशम्या करा. रात्री करून दुसऱ्या दिवशी खायचा पदार्थच तो. आम्ही सोलापूरहून पंढरीला चालत जायचो तेव्हा फडक्यात दशम्या आणि शेंगादाण्याची चटणी, बास. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मऊ राहायच्या.

बी-५०४ दादा: आजी, दशमी आणि पोळीत फरक काय? खाल्ली असेन, पण माहीत नाही.

ए-१०१ आजी: पाण्याचा थेंब घालायचा नाही, हा फरक. कणीक दुधात भिजवायची. किलोभर कणकेला पाऊण लिटरच्या आत दूध लागतं. चवीपुरतं मीठ, दोन डाव तेल. पोळीपेक्षा घट्ट मळायची आणि अर्धा तास झाकून ठेवायची. लाटताना पोळीपेक्षा जाड, आकाराने लहान. तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी तेल सोडून भाजायची. घाईने मोठ्या आचेवर भाजली तर आत कच्ची राहते आणि तीच आधी खराब होते. गोडाची करायची असेल तर दूध तापवून पूर्ण गार करा आणि मग त्यात किसलेला गूळ विरघळवा. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटतं, हे लक्षात ठेवा गं. वेलदोडा, थोडी खसखस. मुलं नुसती खातात, सोबत काही लागत नाही.

ए-१०१ आजी: आणि भाजल्या भाजल्या डब्यात भरायच्या नाहीत. परातीत सुट्या पसरून पूर्ण गार करायच्या आणि मग सुती फडक्यात गुंडाळायच्या. वाफ धरली की सकाळी चिकट लागतात.

डी-२०३ ताई: आजींचं म्हणणं अगदी बरोबर आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून थोडं जोडते. अन्न नासायला ओलावा लागतो. दशमीत ओलावा कमी, शिवाय तेल लावून भाजलेली, म्हणून ती टिकते. याच कारणाने सुकी चटणी, भडंग, तिखट-मिठाच्या पुऱ्या टिकतात. उलट ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर, मेयोनीज लावलेली सँडविचेस, रस्सा भाजी हे पदार्थ नेहमीच्या तापमानाला दोन तासांच्या वर ठेवू नयेत, आणि कडक उन्हात एक तासाच्या वर. त्यामुळे खोबरं घालून दडपे पोहे करायचा कुणाचा विचार असेल तर ते घरीच खा. डोंगरावर नकोत.

सी-१०२ काकू: मी नेमकी तेच लिहिणार होते. बरं, दडपे पोहे रद्द. मग मी कोकमाचा आगळ आणते, गावाहून आलाय. थंड पाणी, साखर, मीठ, जिरेपूड घालून तिथल्या तिथे सरबत. एका बाटलीत सगळ्यांचं होतं.

डी-४०४ वहिनी: चटणी कोण करणार? आमच्याकडे सांगलीची पद्धत, भडंग मी करते. चुरमुरे कढईत मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायचे. मग वेगळी फोडणी: तेल जरा सढळ, मोहरी, हिंग, कढीपत्ता, शेंगदाणे, हळद, तिखट, मीठ, पिठीसाखर. लसूण मी एरवी भरपूर घालते, पण यावेळी हिंगावर भागवते, चवीत काही कमी पडणार नाही. शनिवारी दुपारीच करून ठेवते, हवाबंद डब्यात आठवडाभर राहतं.

सी-३०३ वहिनी: वहिनी, मनापासून आभार. चटणी मी करते मग. शेंगदाण्याची, लसणाशिवाय, आणि थोडी कारळ्याची. दोन्ही सुक्या.

ए-१०१ आजी: शेंगदाणे मिक्सरमध्ये एकदम फिरवू नकोस गं, लगदा होतो. थांबत थांबत फिरव. खलबत्ता असेल तर त्यातच कुट, तेल सुटतं आणि चव बदलते. खाताना वरून कच्चं तेल किंवा दही.

बी-५०४ दादा: सगळं कोरडंच होतंय. मुलांच्या घशाखाली उतरेल ना?

बी-२०२ ताई: माझ्या दोघांना दहीभात मिळाला तर बाकी काही नको.

ए-१०१ आजी: भात रात्री कालवून ठेवायचा, दूध जास्त आणि चमचाभर विरजण. दुपारपर्यंत छान लागतो.

डी-२०३ ताई: आजी, इथे मी जरा अडवते. रात्री शिजवलेला भात बाहेर ठेवायचा नाही. भातातले काही जीवाणू शिजवल्यावरही तग धरतात आणि भात तसाच कोमट राहिला की वाढतात. पुन्हा गरम करूनही त्यांचं विष जात नाही. सोबत ८ मुलं आणि ज्येष्ठ मंडळी आहेत. दहीभात हवाच असेल तर सकाळी करायचा, परातीत पसरून गार करायचा, फ्रीजमधलं थंड दही आणि थोडं दूध कालवायचं आणि बर्फाच्या पेटीत न्यायचा. तिथे पोचल्यावर आधी तोच संपवायचा. उरला तर परत बांधून आणायचा नाही.

बी-२०२ ताई: मग नको. सकाळचा स्वयंपाक आला की माझी अट मोडली.

ए-३०२ काका: दहीभात मी करतो. रेल्वेत चाळीस वर्षं पहाटेच्या पाळ्या केल्या आहेत, पाचला जाग येतेच. दीड किलो तांदूळ दोन कुकरमध्ये बसतो. फोडणी, मीठ, कोथिंबीर, सगळं येतं. आमच्याकडे बर्फाची पेटीही आहे. फक्त दही विरजायचं काम कुणीतरी शुक्रवारी रात्री करा.

बी-२०२ ताई: काका, हे मला मान्य आहे. दही मी लावते.

बी-५०४ दादा: काका, मी साडेपाचला येतो मदतीला. पेटी स्टेशनपर्यंत मीच उचलतो.

ए-३०२ काका: ये. रेल्वेचा विषय निघाला म्हणून मुलांसाठी सांगतो. भोर घाटातून गाडी १८६३ साली धावली. तो घाट फोडायला हजारो मजूर राबत होते. शेंगदाणे आणि गुळाची गुडदाणी हे त्या मजुरांचं खाणं, आणि लोणावळ्याची चिक्की त्यातूनच पुढे आली असं सांगतात. स्वस्त, न नासणारी, खिशात मावणारी आणि अंगात ताकद देणारी. आपला बेतही त्याच वळणाचा चाललाय, मला फार आवडला.

डी-४०४ वहिनी: मग चिक्की हवीच! काका, मुलांना हे लोकलमध्ये पुन्हा सांगा.

सी-२०१ ताई: थोडं विषयांतर करते. मुलीच्या स्पर्धेसाठी आम्हाला महिन्यातून एखादा रविवार बालेवाडीच्या क्रीडासंकुलात दिवसभर बसावं लागतं. बाहेरचं खाऊन तिघांचे पाचशे सहज जातात आणि तिला नंतर जडही होतं. तिथेही दशमी चालेल का?

डी-२०३ ताई: उत्तम चालेल. सामन्याच्या दोन-अडीच तास आधी गुळाची दशमी, मधल्या वेळात केळं, आणि सामना संपल्यावर दही किंवा ताक आणि शेंगदाणे. ताक थर्मासमध्ये. सामन्याच्या ऐन तोंडावर तळलेलं नको.

ए-१०१ आजी: पालकांसाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या कर. कणीक, मूठभर बेसन, ओवा, तीळ, तिखट, हळद. पीठ घट्ट, पुरी जाडसर. लोणच्याच्या फोडीबरोबर दिवस निघतो.

सी-२०१ ताई: आजी, या शनिवारीच करते.

सी-१०२ काकू: आमच्या ह्यांना साखर आहे. गुळाची दशमी नको त्यांना.

डी-२०३ ताई: साधी दशमी द्या, ज्वारीची केलीत तर अधिक चांगलं. सोबत चटणी-दही आणि काकडी पोटभर. कोकमाचं सरबत बिनसाखरेचं एक बाटली वेगळं काढा.

सेक्रेटरी काका (ए-४०१): हिशोब मांडतो, चूक असेल तर सांगा. माणशी ३ दशम्या धरल्या तर ९६. किलोला साधारण २५ होतात, म्हणजे ४ किलो कणीक. दूध-तेलासकट ४०० रुपये. दोन चटण्या १५०. दहीभात २५०. भडंग २००. संत्री आणि केळी ४००, सध्या नागपूरची संत्री बाजारात भरपूर आहेत. काकडी, लिंबं, साखर १५०. एकूण १,५५०. गॅस सोडून माणशी ५० रुपयेसुद्धा होत नाहीत.

डी-४०४ वहिनी: वा! केटररच्या एका ताटात आपली पाच माणसं जेवतात.

बी-२०२ ताई: आता दशम्यांची वाटणी नीट करू या. चार घरांनी एकेक किलो. एक लाटेल, दुसरा भाजेल, तर सव्वा तासात काम होतं. आणि दुसरा म्हणजे घरातला पुरुष किंवा मोठा मुलगा, हे मी स्पष्ट लिहिते. भाजायला कौशल्य लागतं ते एवढंच की आच मंद ठेवायची आणि तव्यापासून हलायचं नाही.

बी-५०४ दादा: आमच्या फ्लॅटवर तिघं आहोत. एक किलो आम्हाला द्या. आजी, शुक्रवारी एकदा बघायला येऊ का?

ए-१०१ आजी: ये रे. तिघंही या. पोळपाट आहे का तुमच्याकडे? नसेल तर इथलंच घेऊन जा.

सी-३०३ वहिनी: ताटल्यांचं काय? कागदी आणायच्या का?

सेक्रेटरी काका (ए-४०१): नको. थर्माकोल आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि कागदीही तिथेच पडून राहतात. प्रत्येकाने घरची एक स्टीलची ताटली, वाटी, पेला आणि पाण्याची बाटली आपल्या पिशवीत आणावी. दशमीवर चटणी घेतली की ताटलीही लागत नाही.

ए-३०२ काका: जेवण लेण्यांत करायचं नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली जागा आहे, तिथे तेलाचा हात भिंतीला लागता कामा नये. आधी खाली गावाजवळ सावलीत दहीभात, मग पायऱ्या चढून लेणी, आणि खाली आल्यावर दशम्या. फळं परतीच्या वाटेवर.

सी-१०२ काकू: संत्र्याच्या साली?

ए-३०२ काका: एक रिकामी कापडी पिशवी माझ्याकडे. साली घरी येतील, आपल्या खताच्या पिंपात जातील.

सेक्रेटरी काका (ए-४०१): शेवटची यादी. दशम्या: ए-१०१, बी-२०२, बी-५०४, डी-२०३ (यातली एक किलो गुळाची, ती आजींकडे). चटण्या: सी-३०३. भडंग: डी-४०४. दही: बी-२०२. दहीभात आणि बर्फाची पेटी: ए-३०२. आगळ: सी-१०२. फळं, काकडी, लिंबं, चिक्की मी मंडईतून आणतो, चिक्की माझ्याकडून. सामानाच्या पावत्या मला पाठवा, पैसे माणशी सारखे वाटून घेऊ.

सी-२०१ ताई: काका, माझं नाव कुठेच नाही. मीठ, चाकू, सुती फडकी आणि हात पुसायचे पंचे माझ्याकडे लिहा.

सी-३०३ वहिनी: आणि बी-५०४, तुमच्या किलोसाठी दूध माझ्याकडून घेऊन जा. शुक्रवारी आजींकडे मीही येतेय, गुळाची बघायला.