प्रति: बंडखोर धर्मबुडवे नव्हते

१३८१ च्या इंग्लंडमधल्या उठावात शेतकऱ्यांनी आर्चबिशपचं डोकं उडवलं, म्हणून ते धर्मबुडवे, असं म्हटलं जातं. मला हे मुळीच पटत नाही. कँटरबरीचा आर्चबिशप सायमन सडबरी हा त्याच वेळी राजाचा चॅन्सलर, म्हणजे कारभार बघणारा बडा मंत्रीही होता. पंधरा वर्षांवरच्या माणसामागे १२ पेन्सचा डोईकर लोकांना त्याच्याच कारभारात भरावा लागला. १४ जूनला त्याला टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातून ओढून बाहेर काढलं, आठ घावांत मान तुटली आणि लंडन ब्रिजवर टांगलेल्या डोक्याला त्याची बिशपची टोपी खिळ्याने ठोकली. भयंकरच. पण त्या टोपीकडे जरा नीट बघा. धर्मगुरू आणि कर लावणारा एकाच अंगरख्यात नको, हाच तो राग होता.

आणि या लोकांचा पुढारी कोण? जॉन बॉल, स्वतः पाद्री! मेडस्टोनच्या तुरुंगातून सुटला आणि लंडनजवळच्या ब्लॅकहीथच्या माळावर प्रवचन दिलं: आदम जमीन खणत होता, हव्वा सूत कातत होती, तेव्हा सरदार कोण होता?

१५ जूनला लंडनमधल्या स्मिथफिल्डला बंडाचा दुसरा पुढारी वॉट टायलर याने राजापुढे ठेवलेली मागणी तर अगदी हिशेबी आहे. देशात बिशप एकच असावा, पाद्र्यांना पोटापुरतं मिळावं, चर्चची उरलेली मालमत्ता गावच्या भाविकांत वाटावी. चर्च मोडायचं असतं तर एक तरी बिशप कशाला ठेवला असता? बॉलला महिन्याभरात, १५ जुलैला, सेंट ऑल्बन्समध्ये ठार केलं.