मदत हवी आहे: राजीनाम्यानंतर कमिशनची वसुली
पुण्यात एका बिल्डरकडे फ्लॅटविक्रीत होतो. नोटीस पिरियड पूर्ण करून सोडलं. आता फुल अँड फायनलच्या (नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाच्या) शीटमध्ये तळाला ओळ: ‘इन्सेंटिव्ह रिकव्हरी ८६,००० रुपये’. का, तर मी केलेली दोन बुकिंग मी गेल्यावर रद्द झाली. त्या कमिशनवर टीडीएससुद्धा कापून झालाय!

ऑफर लेटरमध्ये वसुलीचं कलम नाही. नंतर ईमेलने आलेल्या पॉलिसीत आहे, पण तिच्यावर माझी सही नाही. एचआरला दोनदा मेल केला. उत्तर एकच, ‘पॉलिसी आहे.’ रिलीव्हिंग लेटरही अडकवलंय.

वेतन संहिता २०१९ प्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन द्यायचं असतं, पण तिथे वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळलंय. मग दिलेलं कमिशन शेवटच्या पगारातून कापता येतं का? आणि दाद कामगार आयुक्तालयात मागायची की दिवाणी कोर्टात?